यादीतली परकी बाई

राधाबाईंच्या सूनबाई जानकीबाई, जानकीबाईंच्या सूनबाई सरस्वतीबाई, आणि सरस्वतीबाईंची सून मी, भागीरथी. मिरजेच्या तासगावकरांच्या घरात कोठीच्या किल्ल्या याच क्रमाने खाली उतरल्या. माझ्यानंतर त्या मैथिलीकडे जायच्या होत्या. पण ज्या आठवड्याची ही हकिकत आहे, त्या आठवड्यात मी चौऱ्याहत्तर वर्षांची होते, किल्ल्या माझ्याच कमरेला होत्या, आणि त्या तिथेच शोभतात असे माझे मत होते.

बुधवारी सकाळी चहा घेऊन मी दिवाणखान्यात माझ्या खुर्चीत बसले आणि फोन उघडला. समोर, ह्यांच्या तसबिरीखालच्या फळीवर, इंटरनेटचा डबा होता. कंपनीने दिलेला, पांढरा, पुढे चार हिरवे दिवे. बिल माझ्या नावाने येई, म्हणून माझ्या मुलाने, राघवने, कंपनीचे अॅप माझ्या फोनवर घालून दिले होते. त्यात एक यादी असे. या घडीला डब्याला कोण कोण जोडलेले आहे आणि कोण किती वापरते आहे, ते त्यात दिसे. घरात कोण जेवले आणि कोण उपाशी आहे हे मला न विचारता कळे, तशी ती यादी मला पाठ होती. मैथिलीचा फोन, मैथिलीचा संगणक, नातीचा टॅब, टीव्ही, माझा फोन. राघव बागलकोटकडे साखर कारखान्याच्या कामावर असे. तो शनिवारी आला की आणखी दोन.

त्या सकाळी यादीत दोनच नावे होती. एक माझा फोन. दुसरे, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, शलाका.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. घरची सगळी नावे गेली होती. त्यांच्या जागी एक परकी बाई येऊन बसली होती, आणि आदल्या दुपारपासून जे काही वापरले गेले त्याच्या शंभरातले सत्त्याण्णव हिस्से तिने एकटीने खाल्ले होते.

मैथिली स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी दारात जाऊन उभी राहिले.

"आपल्या गल्लीत शलाका नावाचं कोणी आहे का गं?"

तिचा हात परातीतच थांबला. "का हो, आई?"

"सहज विचारते."

ती माझ्याकडे बघत राहिली. तव्यावरच्या भाकरीचा करपल्याचा वास आला तेव्हा कुठे ती वळली. "गल्लीत नाही," ती म्हणाली.

"मग कुठे आहे?"

"तुम्हीच सांगा की." असे म्हणताना ती हसत होती. माझ्याशी बोलताना ती सहसा हसत नसे, म्हणून मला तो आगाऊपणा वाटला.

"मी सांगायचं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

ते हसू गेले. भाकरी उलटत तिने विषय बदलला. "आई, उद्या चार ते पाच डबा बंद नका करू हं. माझा पाठ आहे."

"लक्षात आहे. चारदा सांगून झालंय."

या पाठाविषयी सांगितले पाहिजे. मैथिली बेळगावची, गणितातली एम. एस्सी. लग्नानंतर तिने चौदा वर्षे नोकरी केली नव्हती, कारण तासगावकरांच्या सुना नोकरी करीत नाहीत असे मी लग्न ठरतानाच सांगितले होते. हळदीच्या अडतीवर उभे राहिलेले घर. कमी काही नव्हते. पण नात पाचवीत गेली आणि मैथिलीने पुण्याच्या एका संस्थेकडे अर्ज केला. संस्था परदेशांतल्या मुलांना पडद्यावरून गणित शिकवी. घर न सोडता नोकरी, म्हणून मला नाही म्हणायला तोंड उरले नाही. तीन परीक्षकांपुढे चाळीस मिनिटांचा पाठ घेऊन दाखवायचा होता. तो गुरुवारी चार वाजता होता. पंधरा दिवस ती मागच्या खोलीत दार लावून, हळू आवाजात, फळ्यापुढे सराव करीत होती.

मागच्या खोलीत डब्याची ताकद पोहोचत नसे. मधल्या भिंती दगडी, दोन-दोन हात रुंद. तिने डबा मधल्या खोलीत हलवू का, असे विचारले होते.

"कंपनीनं जिथं बसवलाय तिथंच तो राहील," मी म्हणाले होते.

"मग मी माझा स्वतःचा राउटर लावू का, मागच्या खोलीत?"

"लाव. तुझ्या पैशांनी. माझ्या डब्याला हात लागता कामा नये."

लग्नाआधी शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिने तो आणला आणि मंगळवारी दुपारी, मी वामकुक्षी घेत असताना, स्वतःच लावला. भिंतीच्या कडेने एक करड्या रंगाची वायर मागे गेलेली मी संध्याकाळी पाहिली आणि ती विजेची असावी असे समजले. माझी चूक त्या 'स्वतःचा' या शब्दात होती. शेजाऱ्याने स्वतःचे बोअर मारले की त्याचे पाणी वेगळे आणि आपले वेगळे; तसाच मैथिलीचा राउटर आपले इंटरनेट आपल्या जमिनीतून काढतो, असा माझा समज झाला. मी कोणाला विचारले नाही. विचारायची सवय मला नव्हती.

त्यामुळे माझा संशय घराबाहेर गेला. आमच्या समोरच्या इमारतीत नर्सिंगच्या सहा मुली भाड्याने राहत. बुधवारी दुपारी त्या फाटकाशी रिक्षाची वाट पाहत उभ्या होत्या. मी रस्ता ओलांडून गेले.

"तुमच्यात शलाका कोण?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिले. "कुणी नाही, आज्जी."

"नाव लपवून काय होणार आहे? माझ्या घरचं नेट कालपासून कोणीतरी चोरून वापरतंय. फुकटचं ओरबाडायला लाज वाटत नाही? आईबापांनी हेच शिकवून पाठवलंय का मिरजेला?"

"आज्जी, आमच्याकडे नेट आहे," एक उंच मुलगी म्हणाली. "झोप तेवढी नाही. ती असेल तर द्या थोडी."

बाकीच्या हसल्या. रिक्षावालाही हसला. मी त्या मुलीला उद्धट म्हणाले, तिच्या कॉलेजात कळवण्याची धमकी दिली आणि परत आले. रस्त्यावरची चार माणसे बघत होती. त्यांनी बघावे अशीच माझी इच्छा होती.

गुरुवारी मैथिलीने काठाची निळी साडी नेसली. पावणेचारला ती माझ्या पाया पडली. मी 'यशस्वी हो' म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येते. तिने मागच्या खोलीचे दार लोटून घेतले.

चार वाजता तिचा आवाज सुरू झाला. मी खुर्चीत फोन घेऊन बसले होते. तो आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. ठाम, उत्साही, मध्येच एखादी थट्टा करणारा. "वर्तुळाला कोपरा नसतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण मी म्हणते की असतो, असंख्य असतात. आता मला खोटं पाडा बघू." जेवणात मीठ कमी आहे का, एवढे विचारताना जिचा आवाज खाली जाई, तीच ही.

यादीत शलाकाचा आकडा चारपासून घोड्यासारखा धावू लागला होता. मी काळजीने बघत होते. ही बाई असेच ओढत राहिली तर मैथिलीच्या पाठाला काही उरायचे नाही, असे माझ्या मनाने घेतले. सव्वाचारला मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. एका मुलीने उचलला.

"मॅम, ते डिव्हाइस आपल्या ओळखीचं आहे का?"

"मुळीच नाही."

"नक्की ना, मॅम?"

"माझ्या घरात काय ओळखीचं आहे आणि काय नाही, हे मला कळतं."

"मग त्या नावावर दाबा. खाली ब्लॉक असं येईल. तेही दाबा."

मी दाबले. नाव करडे पडले. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो सुनेच्या वाटेतला अडथळा दूर केल्याचा होता, असे मी पुढे कित्येकांना सांगितले. खरे सांगायचे तर तो निव्वळ हाकलून दिल्याचा आनंद होता.

मागच्या खोलीतला आवाज वाक्याच्या मध्येच थांबला. परीक्षकांना गणित सोडवायला दिले असेल, असे मला वाटले. मग मैथिली म्हणाली, "हॅलो?" थोड्या वेळाने पुन्हा, "माझा आवाज येतोय का?" मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ती धावत बाहेर आली.

"आई, डबा चालू आहे?"

"चालू आहे. उलट आता स्वच्छ चालेल. बघ, चारही दिवे हिरवे."

ती आत धावली, पुन्हा बाहेर आली, फोन घेऊन गच्चीवर गेली. खाली घरात मोबाइलवर बोलता येई, पण मोबाइलचे नेट कधीच चालत नसे. दहा मिनिटांनी ती जिना उतरली, एकेक पायरी, कठड्याला हात धरून.

"पाच मिनिटं थांबले ते," ती म्हणाली. "मग पुढच्या उमेदवाराला घेतलं. पाठ अपूर्ण, म्हणून शेरा मारलाय."

"पुन्हा घेतील की."

"नाही घेत. एकदाच घेतात. तसं पत्रातच होतं."

ती रडली असती तर मला तिची समजूत घालता आली असती. ती माठाजवळ जाऊन पाणी प्यायली आणि जमीरभाईंना फोन लावला.

जमीर मुल्ला हा आमच्या भागातला वायरमन. केबल असल्यापासून आमच्याकडे येणारा, चाळिशीचा, बोलका माणूस. साडेपाचला आला. डब्यासमोर मांडी घालून बसला, दिवे पाहिले, वायर काढून पुन्हा घातली.

"आज्जी, डब्याला काय धाड झाली नाही. कुणाला ब्लॉक केलासा काय?"

"केलं. एक चोर बसली होती. शलाका म्हणून."

त्याने माझा फोन मागून घेतला, बोटाने वर-खाली केले आणि माझ्याकडे असे पाहिले, की पाहतो आहे हे मला कळू नये.

"ही बाई नव्हं, आज्जी. हा राउटर हाय. ही वायर दिसतीय का? हिच्या त्या टोकाला बसलाय, मागच्या खोलीत."

"तो तर तिचा स्वतःचा आहे."

"स्वतःचाच की. पण पाणी तुमच्या डब्यातनंच घेतोय. घरातली सगळी यंत्रं आता त्याला जोडलीत, म्हणून तुमच्या डब्याला त्यातलं कोण दिसत नाही. त्याला एकच नाव दिसतंय. सगळं घर त्या एका नावाखाली."

म्हणजे मी काय केले ते मला कळले. कळले, आणि तरी मी ताठच बसून होते. माणूस चूक झाली की आधी दुसऱ्याची चूक शोधतो. मी ती शोधली.

"मग हे नाव कुठलं?" मी आवाज चढवून विचारले. "माझ्या घरातल्या वस्तूला असलं परक्या बाईचं नाव दिलं कोणी? नीट नाव असतं तर हा घोटाळा झाला असता का?"

"मी दिलं." मैथिली मागच्या खोलीच्या दारात उभी होती. "लावताना त्यानं नाव विचारलं. पहिलं आठवलं ते घातलं."

"पण कोण ही शलाका?"

जमीर वायरीचे वेटोळे करू लागला. त्याला कळले होते. मला नव्हते.

"माझं नाव आहे, आई," ती म्हणाली. "इथं यायच्या आधीचं."

मग मी जे बोलले, ते लिहायला आज हात जड होतो. मी म्हणाले, "मग काल विचारलं तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"मला वाटलं, तुम्हांला आठवलं," ती म्हणाली. "तुम्ही माझी गंमत करताय असं वाटलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा."

ती आत गेली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज सुरू झाला.

तांदळाचे ताट मला तेव्हा आठवले. राघवने अंगठीने त्यात 'मैथिली' लिहिले. नाव मी निवडले होते, राघवला शोभेल असे. जुने काय होते याची मी चौकशीसुद्धा केली नाही. ते पत्रिकेवर छापलेले होते, आणि पत्रिका कोण जपून ठेवतो? नावे आमच्याकडे सर्वांचीच बदलत. माझेही बदलले होते आणि मी त्याचा अभिमान बाळगला होता. पहिल्या महिन्यात ती नव्या नावाला ओ देत नसे. एकदा पाहुण्यांदेखत मी तिला म्हणाले होते, "बहिरी आहेस का गं?" तिचे वडील फोनवर तिला 'शलू' म्हणत. मला ते शेजारून ऐकू येई, आणि बेळगावचे लोक मुलीला शालू म्हणतात, काय ही आवड, असे मी मनात म्हणत असे. चौदा वर्षे मी ते नाव आठवड्यातून एकदा ऐकत होते.

"आज्जी," जमीर खालच्या आवाजात म्हणाला, "ब्लॉक काढलाय. आणि एक सांगू का? ह्या डब्याचं वायफाय बंद करून टाकूया. त्यानं नुसतं बाहेरनं आणून पोचवायचं. पुढचं वाटप वैनींचा राउटर करू दे. एका घरात दोघं वाटप करायला लागली की भांडणं होत्यात. मशिनीत पण."

"करा तसं," मी म्हणाले.

त्याने केले. त्यानंतर माझ्या अॅपमध्ये यादीच उरली नाही. एकच नाव, कायमचे. माझा फोनही जमीरने तिच्या राउटरला जोडला. त्यासाठी पासवर्ड मागायला मला स्वयंपाकघराच्या दारात जावे लागले. तिने तो कागदावर लिहून दिला. देताना तिची पाठ माझ्याकडेच होती.

शुक्रवारी सकाळी दहाला मी संस्थेत फोन लावला. मैथिली भाजी आणायला गेली होती. परीक्षकांच्या प्रमुख कानिटकर बाई म्हणून होत्या. तीन ठिकाणी जोडत जोडत मला त्यांच्यापर्यंत पोहोचवण्यात आले.

"मी मिरजेहून भागीरथी तासगावकर बोलते. काल सव्वाचारला तुमच्या एका उमेदवाराचा पाठ तुटला. तो तिच्या हयगयीनं तुटला नाही. मी तोडला."

"म्हणजे? नाव काय उमेदवाराचं?"

"मैथिली तासगावकर."

कागद चाळल्याचा आवाज आला. "या नावाचं काल कोणी नव्हतं."

मी फोन कानाला धरून उभी होते. तिची प्रमाणपत्रे, तिच्या पदव्या, सगळे लग्नाआधीचे. अर्जही साहजिकच त्याच नावाने.

"शलाका," मी म्हणाले. पुढचे आडनाव मला चटकन आठवेना. "शलाका... बिजापुरे."

"हो, आहेत. तुम्ही त्यांच्या कोण?"

"सासू."

मग मी सगळे सांगितले. यादी, मदत क्रमांक, सव्वाचार. सुनेचे नाव मला ठाऊक नव्हते, हेही सांगितले, कारण ते वगळले असते तर बाकीचे खरे वाटले नसते.

"माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत," कानिटकर बाई म्हणाल्या, "सासूबाईंचा असा फोन पहिलाच. पाठ छान चालला होता त्यांचा. वर्तुळाच्या कोपऱ्यांपाशी आम्ही तिघंही अडकलो होतो." मग त्या थांबल्या. "सोमवारी चार वाजता पुन्हा घेऊ. नियमात नाही, पण घेऊ. फक्त एक विचारते, त्या वेळी तुम्ही कुठं असाल?"

"घराबाहेर," मी म्हणाले.

मैथिली बाजारातून आली तेव्हा मी तिला एवढेच सांगितले, की सोमवारी चारला पाठ आहे, बाई स्वतः बोलल्या. पिशवी ओट्यावर ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही फोन केलात?"

"केला."

"काय सांगितलंत?"

"घडलं ते."

तिने मेथीची जुडी सोडली आणि निवडायला घेतली. मी समोर बसून दुसरी जुडी घेतली. पुष्कळ वर्षांत मी भाजी निवडली नव्हती.

सोमवारी चार वाजता मी शब्दाप्रमाणे बाहेर पडले. जायला ठिकाण एकच होते. रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत गेले. दार त्याच उंच मुलीने उघडले. तिला पाहून मी आधी तयार केलेले वाक्य विसरले.

"आज्जी," ती म्हणाली, "सापडली का शलाका?"

"सापडली. घरातच होती."

मुलीने हसायला तोंड उघडले होते, ते मिटले. मी त्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि रस्त्यात जे बोलले होते ते एकेक शब्द मागे घेतले, आईबापांविषयीचे तर दोनदा. त्यांनी मला चहा दिला. त्यात साखर फार होती. मी सगळा प्यायले. पाच वाजून दहा मिनिटे होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

निवड झाल्याचे बुधवारी कळले. सोबत एक अडचणही आली. आधार कार्डावर मैथिली, पदव्यांवर शलाका. नेमणूक एकाच नावाने होणार. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत आणि यापुढे अमुक नाव चालेल, असे प्रतिज्ञापत्र संस्थेला हवे होते. आधार कार्ड वगैरे नंतर त्याप्रमाणे बदलून घ्यायचे. ओळख पटवणारा एक माणूस सहीला लागणार होता. राघव शनिवारी येणार होता. तो करील, असे मैथिली म्हणाली. मी म्हणाले, "मी येते."

कोर्टासमोर पाटणे वकिलांची टपरीवजा कचेरी होती. त्यांनी मला ओळखून खुर्ची पुढे केली. मजकूर संगणकावर तयारच होता.

"ओळखदार तुम्ही ना, वहिनी? किती वर्षं ओळखता यांना?"

मैथिली माझ्या शेजारी उभी होती. मी तिच्याकडे न बघता उत्तर दिले. "घरात चौदा वर्षं आहे. ओळख मागच्या गुरुवारची."

वकील हसले. मैथिली हसली नाही. "कागदावर चौदाच लिहितो," ते म्हणाले आणि वाचू लागले. "सबब, मी यापुढे सर्व व्यवहारांत सौ. मैथिली राघव तासगावकर याच नावाने—"

"थांबा," मी म्हणाले. "ते खोडा."

त्यांनी वर पाहिले.

"मैथिली हे नाव आमचं होतं. मी ठेवलेलं. ते मी परत घेते. तिथं तिचं नाव घाला. शलाका राघव तासगावकर."

आपण फार मोठे काही करीत आहोत असे मला त्या क्षणी वाटत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. वकिलांनी टंकायला बोटे ठेवली.

"आई," ती म्हणाली. "तेही नको."

"मग?"

"पदव्यांवर आहे ते. पूर्ण." तिचा आवाज खाली गेला नव्हता. त्या गुरुवारी मागच्या खोलीतून ऐकू आला होता, तोच होता. "शलाका वसंत बिजापुरे."

वकिलांची बोटे तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. तासगावकरांच्या घरात अशा बाबतीत कोणाचा शब्द चालतो, हे सगळ्या मिरजेला ठाऊक होते. मी अर्धे द्यायला आले होते. अर्ध्यातच माझी थोरवी दिसणार होती. समोर उभी असलेली बाई आपले सगळे मागत होती, आणि त्यातले एक अक्षरही माझे नव्हते.

"त्या सांगतात तसं लिहा," मी म्हणाले.

त्यांनी लिहिले, छापले आणि कागद माझ्यापुढे ठेवला. मी चष्मा लावून ते नाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचले, आणि खाली, ओळखदाराच्या जागी, सही केली.